शिट्टी

पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी.
अठरा वर्षं ही नावं माझ्या गळ्यातून
एका दमात बाहेर पडायची.
हाक मराठीत, सुट्ट्या पैशांचं भांडण कानडीत.
मागच्या सीटवरचं झोपलेलं पोर दचकून उतरायचं.

आता गळ्यावर एक आडवी रेघ आहे,
डोरल्याच्या खाली नेमकी लपणारी.
गाठ काढली. गाठीत वाईट काही नव्हतं, म्हणाले.
फक्त आवाजाची एक पट्टी निजलीय.
जागी होईल, सहा महिने, वर्ष,
नाहीतर दुसरी हळूहळू तिच्याकडे सरकून घेईल.

संसारासारखं, मी म्हणाले.
ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

भात उतरतो. आंबील उतरते.
पाणी तेवढं वाट चुकतं.
तान्ह्या पोराला जमतं ते मला
आठवून आठवून करावं लागतं:
घोट छोटा, हनुवटी छातीला.
जांबोटीत चहा देताना तुक्काप्पा विचारतो,
रुसलीस काय गं कुणावर?

सोमवारी सुट्टी टाकून सहना मॅडमकडे.
भिंतीला दोन्ही तळवे रेटायचे आणि म्हणायचं, ई.
लांब ई.
त्या धारवाडच्या, मराठी मोडकं,
पण ई मोडकी नसते.
मोबाइलवर सेकंद मोजतात. चार.
पुढच्या सोमवारी साडेचार.

गंमत अशी, मी कुजबुजले की समोरचाही कुजबुजतो.
'एक किणये', चोरीचा माल मागितल्यासारखं.
शून्याचं तिकीट घेता घेता बायका
कानाशी येऊन भलतंच सांगतात,
न विचारता विकलेल्या म्हशीचं,
चुकलेल्या पाळीचं.
मोठ्या आवाजाला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

शिट्टीला पट्टी लागत नाही, वारा पुरतो.
एक, थांब. दोन, चल.
मडिवाळप्पा आरशातून मान हलवतो.

काल कुसमळीला
एका म्हाताऱ्याचा एक पाय पायरीवर, एक खाली,
आणि गाडी हलली.
शिट्टी तोंडात नव्हती.
काय निघालं कोण जाणे,
पत्रा फाटावा तसं काहीतरी.
गाडी थांबली.
यारदु? मडिवाळप्पा मागे वळून.
सातवीतला परशराम म्हणाला,
मावशींची शिट्टी बिघडली वाटतं.

हसू आलं.
हनुवटी छातीला टेकवून
सावकाश गिळलं.