पहिले सहा सामने

पावणेपाचला फैयाज नाखवाचा मेसेज येतो,
मी सेंट्रीफ्यूज थांबायची वाट बघत असते तेव्हा.
"ताई, आज कोणावर लावायचं, कोणाला खायचं?"
भायखळ्याच्या लॅबमध्ये रात्रपाळी,
चोवीस नळ्या, चोवीस नावं,
आणि तिकडे अजून कालचीच संध्याकाळ,
पोरं बूट बांधतायत.

मी लिहिते:
हिरव्यांना सोड. सहापैकी पाच जिंकले म्हणून भाव चढलाय,
पण पाचही घरच्या मैदानावर,
आणि लांबून टाकलेले निम्मे बॉल आत जातायत.
एवढे कोणाचेच जात नाहीत,
वैशाखापर्यंत तर नाहीच नाही.
जांभळे हरतायत, पण नीट हरतायत.
रिबाउंड बघ. पास बघ.
साडेसहा पॉइंट मिळत असतील तर जांभळे घे.

सीझन कोवळा आहे, फैयाज,
तान्ह्या पोराच्या टाळूसारखा.
बोट ठेवलंस तर दाबला जाईल.

इथे एका थेंबावरून मी माणसाची साखर सांगते
आणि खाली सही करते.
तिथे सहा रात्री, दोनशे अठ्ठ्याऐंशी मिनिटं,
आणि मला काही म्हणजे काही सांगता येत नाही.
तरी सांगते.
रिपोर्टच्या तळाशी आम्ही छापतो ते वाक्य
त्यालाही पाठवते: लक्षणांशी ताडून पाहावे.
तो हसरा पिवळा चेहरा पाठवतो.

मी स्वतः एक रुपया लावत नाही.
असं आईला म्हटलं तर ती म्हणते,
दारू गाळणारेही बहुतेक पीत नाहीत.

गेल्या मंगळवारी एकतीस नंबर.
कोणी मोठा नव्हे, बाकावरून येणारा,
बारा मिनिटांचा धनी.
कॅमेरा त्याच्यावर नव्हताच, कोचवर होता.
मागे, कोपऱ्यात, तो उठला:
आधी हात खुर्चीच्या कडेवर,
मग उजवा पाय,
मग थोडं थांबून बाकीचा माणूस.
जखमींच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
मला यादी लागत नाही.
अठरा वर्षं मी अशीच उठते,
नागपाड्याच्या त्या फायनलपासून,
मेल्विन सर ओरडले होते "हलकी उतर, हलकी"
आणि सिमेंटने ऐकलं नव्हतं.

टाइप केलं: एकतीस. आठच्या खाली. डोळे झाकून.
"किती?"
पहिल्यांदाच लिहिलं: भरपूर.

तो तीन पॉइंटांवर थांबला.
थांबला म्हणजे खाली बसला,
आणि दोघांनी उचलून आत नेला.
मी कोणाच्या तरी नळीवर लेबल चिकटवत होते,
तोंडून निघालं, हां.
हां म्हणजे जमलं.
ऐकायला फक्त फ्रीज होता.

शुक्रवारी फैयाज स्वतः आला,
अर्धा किलो अफलातून आणि एक पाकीट.
"ताई, तुमचं सायन्स म्हणजे सायन्स."
मिठाई ठेवून घेतली. पाकीट परत केलं.
नाही, खरं सांगते,
पाकीट दोन दिवस ड्रॉवरमध्ये होतं,
ग्लव्ह्जच्या खोक्याखाली,
आणि परत केलं तेव्हा पाचशेची एक नोट कमी होती.
नवा नीकॅप तेवढ्यालाच आला.
फैयाजने मोजलं असणार. बोलला नाही.

पाळी संपली की मी कोर्टाच्या जाळीपाशी थांबते.
कोवळ्या उन्हात पोरी लेअप मारतात,
आणि माझी बोटं आपोआप मोजतात.
एक बुटकी, चिंचोक्यासारखी,
सारखी डावीकडूनच घुसते. दहापैकी दोन.
फैयाजने विचारलं असतं तर म्हटलं असतं, सोड.
उतरताना मात्र गुडघा वाकवते,
हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे.

दहाच तर झालेत.
अकरावा रिंगवर फिरतोय अजून.
मागे माझी बस आली वाटतं.