अर्ध्या तासाच्या आत

मी तासगावच्या कोल्ड स्टोरेजला ऑपरेटर.
बेदाण्याचे बॉक्स, लॉट नंबर, आवक तारीख, चार अंश.
दार उघडं राहिलं की शिव्या माझ्या वाट्याच्या.
थंडी मला कळते. बाकी फारसं नाही.

मालनक्काला कवठे एकंदला रक्ताची उलटी झाली, परातीत.
डॉक्टरला दाखवायला म्हणून
भावजींनी ती परात टॉवेलनं झाकून
मिरजेपर्यंत मांडीवर धरली.

मगदूम मॅडम म्हणाल्या, सहा पॉइंट दोन.
एक पिशवी देऊ, मग पुन्हा तपासू.
भावजी म्हणाले, एकच? चार द्या की, पैशाचं मी बघतो.
'टाकी भरायची नाही आपल्याला. गळती शोधतोय.
तोवर लागेल तेवढंच.'

भावजींना राग आला. मला पटलं.
पाइप फुटलेला असताना नुसता गॅस भरत बसलं तर काय होतं,
ते मला विचारा.

दोननंतर मात्र मोजदाद सुटली.
पिशवी, पुन्हा पिशवी,
मग एक पिवळी, हळद कालवलेल्या पाण्यासारखी.
थर्माकोलची पेटी छातीशी धरून
मी रक्तपेढीच्या खिडकीशी, पुन्हा वॉर्डाच्या दाराशी.

तीन अठ्ठावन्नला मुजावर म्हणाले,
'बी निगेटिव्ह. एवढीच उरली.
अर्ध्या तासात लावा, नाहीतर आणून द्या.
नंतर मला घेता येणार नाही.'

लेबलवर तारीख होती, अकरा फेब्रुवारी.
त्या दिवशी मी हंगामातला पहिला लॉट आत घेत होतो.
आणि पलूसला, नाहीतर विट्याला, कुणीतरी
बाही वर करून पडलं असेल,
बिस्किटाचा पुडा खिशात घालून घरी गेलं असेल.
रंग लाल नव्हता. काळ्या मनुक्याचा होता.

चार वाजून दहा.
आवळे सिस्टरनी दार अर्धं उघडलं,
पेटी तशीच माझ्या हातात परत दिली.
'ही आता लागणार नाही.'
दार मिटलं.

लागणार नाही.
म्हणजे गळती सापडली,
किंवा
मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं गेलेली.

पळालो.
सतारीच्या दुकानांची बंद शटरं,
चौकात झाडणारी बाई, तिचा थांबलेला झाडू.
एक चप्पल कुठं राहिली ते नंतरही आठवलं नाही.
मागून भावजी माझ्या नावानं ओरडत होते.
माणूस रडत ओरडतोय का हसत,
पळताना कळत नाही.
आणि मी वळलो नाही.

मुजावरांनी झाकण काढलं, पिशवी बघितली,
काटा बघितला,
वहीत लिहिलं : परत. चार एकोणीस.
'पेशंट कसा आहे?'
मान वर न करता विचारलं त्यांनी.

मी म्हणालो,
आधी फ्रिजचं दार लावा.