पाय टेकायच्या आत

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर,
गुडघा बदलल्याला आज नववा दिवस.
आबा वॉकरला हात लावत नाहीत.
त्याच्याकडे बघतात
जत्रेतल्या दलालाकडे बघावं तसं.

फिजिओवाली फिरदोस मुल्ला रोज दहाला येते,
म्हणते, काका, एकच पाऊल.
मी मागून ओरडतो, उचला की पाय, आबा!
आणि दचकतो.
हा आवाज माझा नाही.
हा आटपाडीच्या माळावरचा,
एकोणीसचा पाढा अडला की
निरगुडीच्या फोकाआधी यायचा तो.

पण खोंडांना त्यांनी कधी फोक लावला नाही.
हे मला आत्ता, फिनेलच्या वासात आठवतंय.

खरसुंडीहून आणलेला काजळ्या
जू दिसलं की थरथरायचा.
आबा जू मांडीवर घेऊन
त्याच्या शेजारी नुसते बसून राहायचे.
बिडीही ओढायचे नाहीत.
मान इकडं वळली, की जिभेवर गुळाचा खडा.
दुसऱ्या दिवशी मान वळवण्याला गूळ नाही,
जुवाला नाक लागलं तर.
मग जू मानेवर श्वासभर राहिलं तर.
बिथरला, तर शिवी नाही, गूळही नाही,
आबा आभाळ बघायचे,
जसं काही झालंच नाही.

मला म्हणायचे, "पाय उचलला रं उचलला
की टेकायच्या आत गूळ पायजे.
टेकल्यावर दिलास, तर त्याला वाटतंय
हुभं ऱ्हायाचंच पैसं मिळत्यात."

पंधरवड्यात काजळ्या आपण होऊन
जुवाखाली मान घालायला लागला.
मग गूळ कधी तिसऱ्या दिवशी, कधी सहाव्या.
"आदी गुळासाठी चालतंय, मग आशेवर.
मग चालायचीच गोडी लागती त्याला."

मी दावणीच्या दगडावर बसून ऐकायचो.
पोटऱ्यांवर वळ.
एकोणीस सत्ते एकशे तेहतीस.
पाढा अजून येतो, पाठ आहे,
फक्त म्हणताना पाय आपोआप जवळ घेतले जातात.

आज सकाळी खाली गेलो,
तासगावचा हिरवा बेदाणा घेतला, पाव किलो.
फिरदोसला विचारलं, साखर आहे त्यांना, चालेल?
ती म्हणाली, चार-पाच चालतील.
म्हणजे चार-पाचच संधी.

ओरडलो नाही.
खिडकीतून आभाळ बघायचा प्रयत्न केला,
दिसली ती पाण्याची टाकी, तीच बघितली.
कोपऱ्यातल्या डोळ्यानं त्यांचा हात.
बऱ्याच वेळानं
हात वॉकरवर आला.
बेदाणा.
आबांनी चावला, काही बोलले नाहीत.
दुसरा हात. बेदाणा.
उठून उभे. बेदाणा,
आणि माझ्या तोंडून "भले!"
हा शब्द माझ्या तोंडात होता
हे मलाच माहीत नव्हतं.

मग उजवी टाच उठली.
फरशीपासून दोन बोटं, फार तर तीन,
आणि मी बघतच राहिलो, हात विसरून.
पाय पुढं टेकला.
तेव्हा कुठं मी तळहात पुढं केला.

आबांनी आधी बेदाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"मी काय खोंड हाय व्हय रं?"
फिरदोस तोंडावर हात ठेवून हसली.
तेही हसतील असं वाटलं.

"आन् उशीर केलास," म्हणाले.
"टेकायच्या आत द्याचा आसतो."
जरा थांबले. श्वास लागला होता.
"मलाबी म्हाईत हुतं की ते."

तो वॉकरचा नळा होता,
की त्यांचा हात हलत होता, कळलं नाही.

बेदाणा घामानं चिकट झालेला.
मी मूठ मिटली,
त्यांच्या डाव्या टाचेवर नजर ठेवली.
या वेळी पापणी लववायची नाही.