शेवटचं अक्षर

लोकांचे खापरपणजोबा शोधून देतो मी.
सिव्हिल लाइन्सला झेरॉक्सवाल्याशेजारी टेबल,
एक भिंग, मोडीची वही, उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा.
पडताळणीला पन्नासच्या आधीचा कागद लागतो
आणि मेलेली माणसं कागद सांभाळत नाहीत.

तांडापेठेतले दिगांबर हेडाऊ आले मे महिन्यात,
स्कूटरवर, पायांत धरून
जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र.
"हा आमचा पणजा जी, गणपत.
काढलं बी त्यानंच, खाली सही हाये.
याले पुरावा म्हणतीन का नाही?"

गणपत खुर्चीत. मागे डोमा, पैकू, लहानू, झिबल,
माझ्या झाडाच्या चार फांद्या, बरोब्बर.
माणसं पाच.
हात अकरा.
मी दोनदा मोजले.
"चुकला असंन बाप्पा म्हातारा," हेडाऊ हसले.

अकरावा गणपतच्या खांद्यावर होता.
मनगटानंतर पडदा, घाईनं रंगवलेला,
बाकी चित्रात कुठेच घाई नाही.
नखांत निळा.
रंगारी असेल, मी म्हटलं, निळीच्या पिंपावरचा कोणी.
पण मालकाच्या खांद्यावर?
मग वाटलं, बाहेरचा पोरगा.
आमच्या धंद्यात ते नेहमीच वाटतं.

महालात, चितार ओळीत, विचारत हिंडलो.
मूर्तींचे डोळे लिहिणारा एक म्हातारा
कितीतरी वेळ त्या हाताकडेच पाहत राहिला.
"स्वतःचा हात काढणं सोपं जी.
तो सदा समोरच असते."

जन्माच्या रजिस्टरात, वाळवीनं सोडलेल्या पानावर:
बाप गणपत. अपत्य स्त्री. नाव,
आणि पुढे एक आडवी रेघ.

मोडी लिहिताना आधी रेघ ओढतात,
मग अक्षरं तिला लटकवतात.
सहीत गणपत स्पष्ट होता,
पण रेघ तिथे थांबत नव्हती,
चौकटीच्या लाकडाखाली चालतच गेली होती.
खिळे काढले. लाकूड सरकवलं.
एकच अक्षर निघालं.

ची.

गणपतची.

फोन केला, तर हेडाऊ बराच वेळ गप्प.
मागे माग नाही, टीव्ही चालू होता.
"समितीले पोरगी चालते का जी?"
चालते, म्हटलं. पण नाव लागतं.
"मंग राहू द्या."

वंशावळ घेऊन गेले, चार फांद्यांची.
पैसे पूर्ण दिले, घासाघीस न करता,
आणि जाताना चित्राची चादर
दोनदा नीट केली.

माझ्याकडच्या प्रतीत पाचवी रेघ आहे, पेन्सिलची.
तिला काय लटकवायचं, अजून कळलेलं नाही.
घामाच्या हातानं ती पुसट होते.
मी परत ओढतो.