पायी

साक्री तहसिलीच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं दस्त लिहिले मी.
खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोड, बक्षीसपत्र.
आता हे पाकीट आलंय:
आठ देशांच्या संघाची घटना, मसुदा तिसरा,
मराठी प्रत करून द्यावी,
पानाला दोनशे ऐंशी रुपये.

पहिल्याच ओळीत अडलो.
आठही देश आपण होऊन एकत्र येताहेत, असं तिथे म्हटलंय.
'ऐच्छिक' लिहिलं, तर प्रश्नपत्रिका दिसू लागली,
पाचपैकी कोणतेही तीन सोडवा.
खोडलं. मग हात आपोआप चालला:
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाखाली न येता
व कसलेही नशापाणी न करता
तेही खोडलं.
शेवटच्या अटीवर आठातले किती टिकतील,
खात्री देता येईना.

'सार्वभौम' मात्र सोपं गेलं.
आमच्याकडे प्रत्येक सातबारा सार्वभौम असतो,
बांध वीतभर सरकला तर दोन पिढ्या बोलत नाहीत.
तरीही पांझरेच्या काठी
बंधाऱ्याखाली चार फड,
एकेका फडात अठरा-वीस धनी,
आणि अख्ख्या फडात एकच पीक.
ऊस म्हटला की सगळ्यांचा ऊस.
कोणी लिहून दिलं हे? कुठल्या स्टॅम्पावर?
शोधलं होतं एकदा, रेकॉर्डरूममध्ये.
वाळवी होती. कागद नव्हता.

म्हणून चौदावं कलम, 'सामायिक जल', घेऊन
झुलाल भिला पाटकऱ्याकडे गेलो.
तो चारीत, गुडघाभर गाळात, फावडं बगलेत.
वाचून दाखवलं: मालकी, हिस्सा, टक्केवारी, लवाद.
सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला,
"पानी कोनंच नही भाऊ. पायी शे फक्त."
पाळीला तो पायी म्हणतो, आमच्याकडे सगळेच म्हणतात,
पण त्या दिवशी मला पाणी चालताना दिसलं,
तोंडाशी असलेलं पाटलाचं वावर ओलांडून
आधी शेपटाच्या वावराकडे,
अनवाणी.

एकसष्टावं कलम: बाहेर पडणे.
लेखी नोटीस, दोन वर्षं, देणीघेणी चुकती.
झुलाल हसला. मोतीराम घरटेची आठवण काढली.

मोतीरामने बोअर मारली होती.
दोनशे फुटांवर पाणी, गावभर पेढे,
आणि फडाला रामराम.
कोणी अडवलं नाही.
पाट त्याच्या बांधावरून जायचा, तो जातच राहिला.
त्याच्या वाट्याचा गाळ दर उन्हाळ्यात बाकीच्यांनी उपसला,
शिव्या देत, पण उपसला.
यादीतून नाव खोडलं नाही झुलालने,
नुसती खाली रेघ मारली.
वरून मारली असती तर वाचता आलं नसतं, म्हणाला.
नवव्या वर्षी बोअर नुसती हवा ओकू लागली.
मोतीराम आला, टोपी काढून पुन्हा घातली, काही बोलला नाही.
झुलालने त्याच्या हातात टोपलं दिलं.

आता हे पानाला दोनशे ऐंशीत कसं बसवू?
मसुद्यात परत येण्याचं कलमच नाही.
अर्जाचा नमुना नाही, टोपलं नाही.
मी प्रत करणारा. भर घालायचा मला अधिकार नाही.
समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं:
गेलेल्याच्या बांधावरचा पाट कोणी उकरायचा, ते कळवावे.

दोन महिने झाले. उत्तर नाही.
येत्या मंगळवारी फडाचा गाळ काढायचाय.
झुलालने पोराबरोबर निरोप धाडला,
"लिखनारले बी सांगा."
तिथे माझी गुंठाभरही जमीन नाही.
बायकोला विचारतोय,
आपल्याकडचं ते जुनं टोपलं कुठे आहे म्हणून.