बाब क्रमांक सतरा

चौथ्या मजल्याच्या काचेतून शिरोलीतल्या भट्ट्यांचा धूर दिसतो,
नदी दिसत नाही.
इतिवृत्त लिहिणं माझं काम. अकरा वर्षं
मी कर्मणी प्रयोगातच श्वास घेते:
मांडण्यात आले. विचारात घेण्यात आले. नोंद घेण्यात आली.
कोणी, ते वाक्यात बसत नाही.

पडद्यावर जोखमींचा तक्ता.
हिरवे, पिवळे, तांबडे चौकोन.
"तांबडा म्हटलं की भूकच लागते," अध्यक्ष म्हणाले
आणि संचालक मंडळ एकमताने हसलं.

बाब क्रमांक सतरा. पूर.
शक्यता कमी, परिणाम मध्यम, रंग पिवळा.
जोखमीचा मालक: संबंधित विभाग.
मी म्हटलं, जनरेटर तळमजल्यावर आहे.
वीज गेली आणि तोही बुडाला, तर भट्टीतलं बारा टन लोखंड
आहे तिथं थिजेल.
सरनोबतांनी चष्मा पुसला. तांबडा केला
की बँक विचारणार, विम्याचा हप्ता वाढणार,
एवढी तिमाही जाऊ दे.
स्वतंत्र संचालक मगदूम
घड्याळाकडे बघत स्वतंत्र होते.

तिमाही जूनअखेर संपते.
पाणी जुलैअखेर येतं.
पुढची बैठक चौदा ऑगस्टला,
आणि नदीला कुणी कार्यक्रमपत्रिका पाठवलेली नाही.

संध्याकाळी पंपहाऊसला गेले.
रसूल मुजावर डबा उघडत होता, दुसरी पाळी.
भिंत पांढरीशुभ्र. मागल्या महिन्यात
जर्मनीची गिऱ्हाइकं येणार म्हणून रंगवलेली.
"इथं खूण होती ना, त्या वर्षीच्या पाण्याची?"
"हाय की."
त्यानं भिंतीवरनं बोट फिरवत नेलं आणि थांबवलं.
"इथं हात लावून बघा."
रंगाखाली खरखरीत काहीतरी. एक आडवी रेघ.
"रंगारी यायच्या आदल्या रातीला खिळ्यानं वढून ठेवली.
खडू पुसतोय नव्हं.
रंग मारला म्हणून पाणी इसरतं व्हय, मॅडम?"

टेप त्याच्याच खिशात होती.
रेघ चार फूट दोन इंचांवर.
जनरेटरचा चौथरा अडीच फूट.
वजाबाकी आम्ही दोघांनीही मोठ्यानं केली नाही.

मग भाकरी मोडत सांगत राहिला:
बावड्यातनं भाच्याचा फोन यायचा तासातासाला,
राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं त्याचा.
त्रेचाळीस ऐकलं आणि यानं कुणाला विचारलं नाही,
चेनब्लॉक लावून तीन मोटारी माळ्यावर घेतल्या, एकट्यानं.
"वाचल्या की तिन्ही. आणि मग मेमो आला."
पाकिटातनं घडी काढली, घडीवर कागद फाटत आलेला:
कंपनीची मालमत्ता विनापरवाना हलविण्यात आल्याबद्दल
आपणाकडून खुलासा मागविण्यात येत आहे.

सही मनुष्यबळ विभागाची.
भाषा मी ओळखली.
'विनापरवाना' हा शब्द मीच सुचवला होता,
फोनवर, नाव न विचारता.

मसुदा पंधरा दिवसांत सगळ्या संचालकांकडे जायला हवा, असा नियम आहे.
तो परत येईल पेन्सिलच्या खुणांनी भरून, तेही ठाऊक आहे.
रात्री घरी, रंकाळ्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली, डास फार,
आणि 'चर्चेअंती नोंद घेण्यात आली' या ओळीपाशी
बराच वेळ बसले.
अध्यक्ष म्हणाले, असं लिहिलं. सरनोबत म्हणाले, असं लिहिलं.
मगदूम काही बोलले नाहीत, हेही.
कर्ता घातला की वाक्य किती उघडं पडतं.

मालकाचा रकाना मोकळाच ठेवला. तो मला भरता येईना.
त्याखाली:
त्या वर्षी पाणी चार फूट दोन इंच आले.
रेघ ओढली रसूल मुजावर यांनी.
मोजली रसूल मुजावर यांनी.
टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.