गुण

बाहेर शिरपूर चव्वेचाळीसवर.
आत प्राणिगृहात बावीस.
लाइट गेली की पहिला जनरेटर इथला लागतो,
मग प्राचार्यांच्या केबिनचा,
मग राहिलेल्यांचा, डिझेल उरलं तर.

मी चपला काढतो, निळे बूट चढवतो,
टोपी, मास्क, हातमोजे.
आमच्या पाड्यावर बाळंतिणीजवळ जातानाही
कुणी इतकं जपलेलं नाही.

एकतीस नंबरच्या पिंजऱ्यात पाच उंदीर, काळे.
नेहेते मॅडम म्हणाल्या, वेरसिंग, हे विमानातून आलेत,
सांभाळ.
यांच्यातलं रक्त घडवणारं उंदराचं अक्षर खोडलंय
आणि तिथं माणसाचं लिहिलंय.
माणसाचं म्हणजे कुणाचं, मी विचारलं.
त्या म्हणाल्या, असं कुणा एकाचं नसतं ते.
मग फळ्यावर एक गोल काढला,
शेजारी विळा.

विळा मला काढून दाखवायला नको होता.
सिकल हा शब्द आमच्या पाड्यावर
शाळेच्या आधी पोचला,
धडगावहून जीपमध्ये बसून, कापसाच्या बोळ्यासोबत,
आणि पहिल्यांदा टोचला तो रुमलीच्या बोटाला.

रुमली माझी बहीण.
थंडीत तिची हाडं रात्री जागी व्हायची.
बाप म्हणाला, वाढीचं दुखणं.
बडवा म्हणाला, कोंबडं द्या.
कोंबडं दिलं. गुण आला नाही.
दवाखाना म्हणाला, ही पिवळी गोळी रोज,
आणि पाणी भरपूर पी, बाई.
पाणी दरीत होतं, अर्ध्या तासाच्या उतारावर.
ते तीच आणायची.

इथं माझं काम असं:
सुई दिल्यावर घड्याळ लावायचं
आणि उंदराच्या तोंडाकडे बघत बसायचं.
डोळे किती बारीक झाले. गाल फुगले का.
कान मागं पडले का. मिशा ताठ झाल्या का.
प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन.
बेरीज वहीत.
वहीवर मॅडमनी स्वतः लिहिलंय: दुखण्याचे गुण.

एम.एस्सी.ची पोरं कॅमेऱ्यात मोठं करून बघतात
तरी भांडतात, एक का दोन.
मी नुसता वाकतो आणि सांगतो.
मॅडमनी एकदा विचारलं, हे तू कुठं शिकलास रे?
मी म्हटलं, सवय आहे.
कंदील, गोधडी, गोधडीबाहेर उरलेलं एक तोंड,
हे त्यांना कुठल्या रकान्यात सांगणार.

रुमलीला गुण मिळाले ते पाचवीपर्यंत,
गणितात बरे.
दुखण्यात तिची परीक्षा कुणी घेतलीच नाही.

परवा फोन आला तिचा, तोरणमाळकडून,
डोंगराच्या टोकाला उभी राहून बोलत होती, वारा मध्ये येत होता.
काय काम करतो रे तू तिथं?
उंदीर सांभाळतो.
ती इतकी हसली की खोकला लागला.
इथं ते आमची दादर खातात,
आणि तू तिथं त्यांना दाणे घालतोस? पगार घेऊन?
हो म्हटलं.
कुणाचं रक्त आहे त्यांच्यात, ते सांगायचं होतं.
रेंज गेली, किंवा मी जाऊ दिली.

शुक्रवारी या पाचांची पाळी.
नळी, वायू, तीन मिनिटं. पुढं त्यांची प्लीहा तोलतील.
रजिस्टरात मारलं असं लिहीत नाहीत.
सॅक्रिफाइस लिहितात.
मी अर्थ विचारला तर एक पोरगा म्हणाला, बळी.
मग हसला, कारण मी हसलो होतो.
बडवा काही वेगळं म्हणाला नव्हता.
त्याच्याकडे वजनकाटा नव्हता, एवढंच.
आणि तरी, बुवा, मी शुक्रवारची सुट्टी मागत नाही.
या काट्यावर काहीतरी उतरेल अशी
माझीही आस आहे. कोंबड्याच्या वेळीही होती.

आज गुरुवार. भुसा बदलायचा दिवस नाही, तरी बदलला.
अकरा नंबरची मादी कोपऱ्यात, पाठ गोल करून.
डोळ्यांना दोन दिले.
पुन्हा वाकलो. तिनं एक डोळा थोडा उघडला,
मला बघून की उगाच, माहीत नाही.
दीड लिहावंसं वाटलं.

वहीत दीड नसतो.